दिवाळखोरीनंतर घरातला हिस्सा परत विकत घेताना

इंग्लंड आणि वेल्समध्ये एखाद्याला दिवाळखोर ठरवणारा आदेश निघाला, की राहत्या घरातला त्याचा हिस्सा त्याचा राहत नाही. १९८६ च्या इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्टप्रमाणे तो ट्रस्टीकडे जातो. ट्रस्टी म्हणजे दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेऊन, ती विकून, आलेला पैसा धनकोंमध्ये वाटणारा माणूस. सुरुवातीला हे काम ऑफिशियल रिसीव्हर या सरकारी अधिकाऱ्याकडे असते. विकण्याजोगे काही हाती लागेल असे दिसले, की ते बहुधा परवानाधारक खासगी व्यावसायिकाकडे सोपवले जाते. या हस्तांतराला खरेदीखत लागत नाही की कुणाची सही लागत नाही. घरातली माणसे त्याच घरात राहत असतात, हप्ताही भरत असतात आणि आपल्या घराला आता एक तिसरा भागीदार मिळाला आहे हे कित्येकांना ट्रस्टीचे पहिले पत्र येईपर्यंत उमगतच नाही.

धंद्याची हत्यारे, कपडे, अंथरूण-पांघरूण, संसाराला लागणारे सामान या गोष्टी कायदा दिवाळखोराकडे राहू देतो. घराला ती सूट नाही. भारतीय वाचकाला हे सगळेच परके वाटायचे कारण नाही. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन जुन्या इलाखा शहरांसाठी केलेला १९०९ चा नादारी कायदा इंग्रजी कायद्याच्याच साच्यातला आहे. तिथेही नादाराची मालमत्ता न्यायालयाच्या ऑफिशियल असायनीकडे जाते. भारताच्या २०१६ च्या नव्या संहितेने मात्र राहत्या घराचा वेगळा विचार केला. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी २०१९ मध्ये आलेल्या नियमांनुसार, बोजा नसलेले एकुलते एक घर शहरात वीस लाख आणि खेड्यात दहा लाख रुपयांच्या मर्यादेपर्यंत वाचते. मुंबईत वीस लाखांत घर कुठले, हा प्रश्न आहेच. ब्रिटनमध्ये तेवढीही सवलत नाही. तिथे घर वाचवायचा सरळ मार्ग एकच, गेलेला हिस्सा ट्रस्टीकडून विकत घेणे.

विकत घ्यायचे ते नेमके काय, हे आधी पाहायला हवे. इंग्रजी कायदा घराची मालकी दोन थरांत पाहतो. एक कागदावरची मालकी, म्हणजे जमीन नोंदणी कार्यालयात नाव कुणाचे आहे ते. दुसरी घराच्या किमतीवरची मालकी, म्हणजे घर विकून कर्ज फेडल्यावर उरलेल्या पैशांत कुणाचा किती वाटा आहे ते. घर एकट्या दिवाळखोराच्या नावावर असेल तर दोन्ही थर ट्रस्टीकडे जातात. नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर कागदावर दोघांची नावे तशीच राहतात आणि किमतीतला फक्त दिवाळखोराचा वाटा जातो. जोडीदाराचा वाटा धनकोंच्या हाती लागत नाही. दोघांनी घर अविभक्त ठेवले असले तरी ट्रस्टीच्या हाती वाटा जाताच ते विभक्त होते आणि वेगळा काही लेखी करार नसेल तर निम्मे-निम्मे धरले जाते. वाटे कमी-जास्त आहेत असे ज्याचे म्हणणे असेल त्याने ते सिद्ध करायचे, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने २००७ मध्ये एका गाजलेल्या निकालात सांगितले. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दुजोरा दिला. तेव्हा घर घेताना किती पैसे कुणी घातले याचे जुने कागद जपून ठेवलेले असतील, तर पुढे भावताव करताना ते कामी येतात.

आदेश निघण्याआधीच घाईघाईने घर बायकोच्या नावावर करून मोकळे व्हावे, हा विचार जगभर सगळ्यांनाच सुचतो आणि म्हणूनच कायद्याला तो पाठ आहे. दिवाळखोरीचा अर्ज दाखल होण्याआधीच्या पाच वर्षांत मालमत्ता फुकट किंवा कवडीमोलाने दिली असेल, तर ट्रस्टी तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. धनकोंना चुकवण्याच्या हेतूने केलेल्या व्यवहाराला तर या पाच वर्षांचीही मर्यादा नाही.

दुसरा गैरसमज सुटकेबद्दलचा. २००४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये दिवाळखोर साधारण वर्षभरात मोकळा होतो. बहुतेक जुनी देणी माफ होतात आणि त्याला नव्याने सुरुवात करता येते. ‘आता सुटलो, म्हणजे घरही सुटले’ असे समजून कित्येक जण निर्धास्त होतात. घर सुटलेले नसते. सुटकेचा आणि घरातल्या वाट्याचा एकमेकांशी संबंध नाही. वाटा ट्रस्टीकडेच राहतो आणि या काळात घराची किंमत वाढली तर ती वाढही त्याच्याच पदरात पडते.

या शेवटच्या गोष्टीने एकेकाळी मोठा अनर्थ केला होता. १९८९ नंतर ब्रिटनमध्ये घरांच्या किमती कोसळल्या आणि अनेकांची घरे कर्जापेक्षा स्वस्त झाली. त्या काळात दिवाळखोर झालेल्यांच्या घरांत धनकोंना देण्यासारखे काही उरलेच नव्हते. ट्रस्टींनी फायली मिटल्या. कुटुंबांनी वर्षानुवर्षे हप्ते फेडले, छप्पर दुरुस्त केले, मुले मोठी केली. मग नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात भाव पुन्हा चढले आणि मिटलेल्या फायली उघडल्या. जुनी दिवाळखोरी विसरूनही गेलेल्या माणसाच्या दारात, घरातला वाटा आमचा आहे, तो विकायचा आहे, असे सांगणारे पत्र येऊ लागले. कायद्याने यात वावगे काही नव्हते, कारण ट्रस्टीला मुदतच घातलेली नव्हती. आठ-दहा वर्षांची बचत ज्या भिंतींत ओतली त्यांची वाढलेली किंमत धनकोंना जावी, हे मात्र कुणालाही पटण्यासारखे नव्हते.

२००२ च्या एंटरप्राइज अ‍ॅक्टने हे बदलले आणि १ एप्रिल २००४ पासून तीन वर्षांचा नियम लागू झाला. दिवाळखोरीच्या दिवशी घर दिवाळखोराचे, त्याच्या जोडीदाराचे किंवा घटस्फोटित जोडीदाराचे मुख्य राहते घर असेल, तर ट्रस्टीने तीन वर्षांच्या आत त्याबाबत काहीतरी ठोस करायला हवे. एक तर वाटा विकून पैसे वसूल करायचे, किंवा न्यायालयाकडे विक्रीचा अथवा ताब्याचा आदेश मागायचा, किंवा घरावर बोजा चढवून घ्यायचा, नाहीतर दिवाळखोराशी रक्कम ठरवून करार करायचा. यातले काहीच झाले नाही तर मुदत संपताच वाटा आपोआप दिवाळखोराकडे परत येतो. त्यालाही खत लागत नाही. जुन्या प्रकरणांनाही मार्च २००७ अखेरपर्यंत तीन वर्षांची मुदत देण्यात आली. भाड्याने दिलेल्या दुसऱ्या घराला किंवा गुंतवणूक म्हणून घेतलेल्या फ्लॅटला हा नियम लागू नाही. आणि दिवाळखोराने घराची माहिती पहिल्या तीन महिन्यांत ट्रस्टीला दिली नाही, तर तीन वर्षांचे घड्याळ त्याला ती कळेल त्या दिवशी सुरू होते. लपवून ठेवणाऱ्याची मुदत उलट लांबते.

स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. तिथला कारभार अकाउंटंट इन बँकरप्सी हा अधिकारी पाहतो, पण राहत्या घरासाठी तीन वर्षांची कल्पना तिथेही आहे.

मग तीन वर्षे गप्प बसून राहिले तर? हा जुगार बहुतेकांना महागात पडतो. ट्रस्टी मुदत विसरत नाही. ती संपायला काही महिने उरले, की घराचे नव्याने मूल्यांकन होते आणि वाट्याला बऱ्यापैकी किंमत असेल तर अर्ज न्यायालयात जातो. गप्प बसणे फायद्याचे ठरते ते फक्त वाट्याची किंमत नगण्य असेल तेव्हा. निव्वळ किंमत एक हजार पौंडांच्या खाली असेल तर विक्रीचा किंवा बोजाचा अर्ज न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे, असे कायदा म्हणतो. पण आज हजाराखाली असलेली किंमत अडीच वर्षांनी कुठे असेल हे कोण सांगणार? म्हणून किंमत शून्याच्या आसपास असते तेव्हाच वाटा विकत घेणे सर्वांत शहाणपणाचे. २००८ च्या मंदीनंतर ऑफिशियल रिसीव्हरकडून नाममात्र एक पौंड आणि कागदपत्रांचा खर्च एवढ्यात वाटे मिळत होते. ज्यांनी त्या वेळी ते घेतले त्यांचा भाववाढीशी असलेला झगडा तिथेच संपला.

अर्ज न्यायालयात गेला, तर पहिल्या वर्षात न्यायाधीश जोडीदाराच्या आणि मुलांच्या गरजा धनकोंच्या हक्कांशी ताडून पाहतात. वर्ष उलटले की पारडे फिरते. त्यानंतर, परिस्थिती अपवादात्मक नसेल तर धनकोंचे हित बाकी सगळ्यापेक्षा वरचढ मानावे, असा कायद्याचा दंडक आहे. अपवादात्मक म्हणजे काय, हे न्यायालयांनी फार कडकपणे ठरवले आहे. मुलांची शाळा बदलावी लागेल, जवळपास तेवढ्या पैशांत घर मिळणार नाही, ही दुःखे खरी असली तरी कर्ज थकवल्याचे नेहमीचेच परिणाम आहेत, असे अपील न्यायालयाने १९९० मध्ये दोन भावांच्या खटल्यात सांगितले. आजारपणाच्या बाबतीत मात्र न्यायालये थोडी नरमली आहेत. मूत्रपिंडे निकामी झालेली पत्नी घरात राहत असेपर्यंत विक्री थांबवल्याचे उदाहरण आहे. कर्करोगाने आजारी असलेल्या वृद्ध दिवाळखोराच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांपर्यंत विक्री पुढे ढकलल्याचेही आहे. बाकीच्यांना मिळतो तो काही महिन्यांचा अवधी.

ट्रस्टीने वाटा घरच्याच माणसांना विकावा असे बंधन नाही. तो बाहेरच्या कंपनीलाही विकू शकतो आणि असे वाटे खरेदी करणाऱ्या कंपन्या ब्रिटनमध्ये आहेत. त्यांपैकी एका कंपनीने ट्रस्टीला हाती एक पौंड आणि पुढे घर विकले जाईल तेव्हा मिळालेल्या रकमेच्या पंचवीस टक्के, असा सौदा केला. तीन वर्षे उलटली आणि घरमालकाने वाटा परत आल्याचा दावा केला. २००९ मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पैसे पूर्ण हाती पडेपर्यंत वसुली झाली असे म्हणता येणार नाही, एका पौंडाच्या बदल्यात घड्याळ थांबवता येणार नाही, असा त्याचा आशय. तीन वर्षांचा नियम खऱ्या अर्थाने बळकट झाला तो या निकालाने. अर्थात कंपनीने रोख किंमत मोजून वाटा घेतला, तर कुटुंबाला पुढे बोलणी त्या कंपनीशीच करावी लागतात आणि तिला त्या घराविषयी सहानुभूती असण्याचे काही कारण नसते.

आता किमतीकडे. बाजारभावातून कर्ज वजा करायचे आणि दोनाने भागायचे, हे झाले ढोबळ गणित. ट्रस्टीच्या पत्रात बहुधा तेवढेच असते. त्याच्या पुढे जाऊन हिशेब मांडला तर आकडा बराच खाली येऊ शकतो.

समजा, लेस्टरमधले एक घर पती-पत्नी दोघांच्या नावावर आहे आणि दिवाळे पतीचे निघाले आहे. घराची आजची किंमत २,४०,००० पौंड. गृहकर्ज उरले आहे १,६०,०००. त्याशिवाय पतीने आपल्या दुकानासाठी त्याच घरावर २०,००० उचलले होते. ढोबळ हिशेबाने ६०,००० उरतात आणि पतीचा वाटा होतो ३०,०००. परंतु दुकानाचे कर्ज एकट्या पतीच्या धंद्यासाठी होते. जोडीदाराने केवळ दुसऱ्याच्या कर्जासाठी आपले घर तारण दिले असेल, तर ते कर्ज आधी कर्ज काढणाऱ्याच्या वाट्यातून फेडले जावे, असे इंग्रजी न्यायाचे जुने तत्त्व आहे. म्हणजे आधी फक्त गृहकर्ज वजा करायचे, उरलेल्या ८०,००० चे दोन भाग करायचे आणि दुकानाचे २०,००० पतीच्या ४०,००० मधून कापायचे. वाटा उरला २०,०००. घर खुल्या बाजारात विकले असते तर दलाल आणि वकील यांच्यावर, समजा, ५,००० गेले असते. विक्री टळल्यामुळे तो खर्च वाचतो, म्हणून त्यातला निम्मा, २,५०० वजा करा. आदेशानंतर पत्नीने एकटीने हप्ते भरून मुद्दलातले ३,००० फेडले असतील, तर त्याचा निम्मा लाभ पतीच्या वाट्याला झाला. ते १,५०० तिच्या खात्यावर. शेवटचा आकडा १६,०००. पहिल्या पत्रातल्या ३०,००० च्या जवळपास निम्मा.

यातला दुकानाच्या कर्जाचा मुद्दा सर्वांत मोठा आणि तोच बहुतेक कुटुंबांना ठाऊक नसतो. ट्रस्टीचे उत्तर ठरलेले असते, की दुकान चालले म्हणून घर चालले, तेव्हा पत्नीलाही लाभ झालाच. २०१७ मध्ये पतीच्या व्यवसायासाठी काढलेल्या कर्जाच्या एका प्रकरणात अपील न्यायालयाने हा युक्तिवाद पुरेसा मानला नाही. संसाराला आडून मिळालेला आधार आणि कर्जाच्या पैशांचा प्रत्यक्ष उपभोग यांत फरक आहे. कर्जाच्या पैशातून नवे स्वयंपाकघर झाले असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

हप्त्यातल्या व्याजाच्या भागाचे श्रेय सहसा मिळत नाही, कारण पत्नी ट्रस्टीच्या वाट्याचाही उपभोग घेत घरात राहिली, त्या उपभोगाचे भाडे व्याजाच्या बदल्यात धरले जाते. भांडण्यात अर्थ असतो तो मुद्दलाच्या फेडीवर आणि घराची किंमत वाढवणाऱ्या दुरुस्त्यांवर. किमतीसाठी एकाच दलालाच्या अंदाजावर विसंबू नये. दोन-तीन जणांकडून लेखी मूल्यांकन घ्यावे आणि घरातली ओल, जुने छप्पर, भिंतीची भेग त्यांना न लपवता दाखवावी. घर विकताना लपवायच्या या गोष्टी इथे कामाच्या असतात. ट्रस्टीचे पहिले पत्र म्हणजे अंतिम मागणी नव्हे. त्यालाही न्यायालयाचा खर्च आणि कालावधी टाळायचा असतो.

खरेदी कुणी करायची, हा नाजूक प्रश्न. सुटका होण्याआधी दिवाळखोराच्या हाती जी मालमत्ता येते तिच्यावर ट्रस्टी ती कळल्यापासून ४२ दिवसांत हक्क सांगू शकतो. त्यामुळे दिवाळखोराने स्वतःच्या पैशाने वाटा घेणे तेव्हा अडचणीचे ठरते. सहसा पत्नी, सासरे, भाऊ किंवा एखादा मित्र पुढे होतो. घरावर नवे कर्ज काढून पत्नीने रक्कम भरणे हा सर्रास मार्ग, पण पतीची दिवाळखोरी ताजी असताना कर्ज मिळणे सोपे नसते आणि मिळाले तर महाग असते. सुटकेनंतर दिवाळखोर स्वतःही ट्रस्टीशी हप्त्यांचा करार करू शकतो. ठरलेली रक्कम द्यायचे त्याने मान्य केले, की वाटा धनकोंच्या मालमत्तेतून बाहेर पडतो. एकरकमी पैसा नसेल तर बोजाचा पर्याय आहे. ट्रस्टीने न्यायालयाकडून घरावर बोजा चढवला, तर वाट्याची किंमत त्या दिवशीच्या आकड्यावर गोठते, पुढे फक्त व्याज वाढते आणि भाववाढ कुटुंबाची राहते. सगळी देणी आणि खर्च पूर्ण फेडून दिवाळखोरीच रद्द करून घेणे हाही मार्ग आहे, पण त्यात धनकोंचे व्याज आणि ट्रस्टीचे शुल्क मिळून मूळ कर्जाहून कितीतरी मोठा आकडा होऊ शकतो. म्हणून तो आधी लेखी मागवून घ्यावा.

सासऱ्यांनी किंवा भावाने पैसे दिले तर त्या पैशांचे काय, हे त्याच दिवशी कागदावर उतरवणे बरे. वाटा त्यांचा झाला, की त्यांनी कर्ज दिले, की भेट? सगळे सुरळीत असताना याबाबत कुणी विचारत नाही. मृत्युपत्र वाचले जाते किंवा घटस्फोटाचा दावा लागतो तेव्हा विचारले जाते.

किमतीतला वाटा तोंडी सौद्याने हस्तांतरित होत नाही. १९२५ च्या मालमत्ता कायद्याप्रमाणे लेखी आणि सही केलेला दस्तऐवज लागतो. खरेदीदाराने स्वतःचा वकील वेगळा नेमावा, ट्रस्टीचा वकील त्याच्या हिताचा नसतो. घर एकट्या दिवाळखोराच्या नावावर असेल तर कागदावरची मालकीही बदलावी लागते आणि त्याला गृहकर्ज देणाऱ्या बँकेची संमती हवी. बँकेचे गहाण दिवाळखोरीने किंवा सुटकेने पुसले जात नाही. हप्ते थकले तर ट्रस्टीशी काहीही ठरलेले असो, ती घराचा ताबा घेऊ शकते. मुद्रांक कर ठरवताना दिलेल्या रोख किमतीबरोबर, कर्जातला जो भाग नव्या मालकाच्या डोक्यावर येतो तोही मोबदल्यात धरला जातो. एक पौंडाचा सौदा करणाऱ्यांनीही हे वकिलाला विचारून घ्यावे.

शेवटचे काम जमीन नोंदणी कार्यालयातले. दिवाळखोरीच्या वेळी घराच्या नोंदीवर ट्रस्टीच्या नावाने इशारा चढवलेला असतो. सातबाऱ्यावरच्या बोजासारखाच हा प्रकार. घर एकट्याच्या नावावर असेल तर ही नोंद व्यवहार पूर्ण अडवते. दोघांच्या नावावर असेल तर ‘जे’ नमुन्याची नोंद असते आणि ट्रस्टीला लेखी कळवल्याचा दाखला दिल्याशिवाय घर विकता किंवा गहाण टाकता येत नाही. पैसे दिले, दस्त झाला म्हणून ही नोंद आपोआप जात नाही. ट्रस्टीने आरएक्स ४ या अर्जाने ती मागे घ्यावी किंवा घरमालकाने पुराव्यासह आरएक्स ३ हा अर्ज करून ती रद्द करून घ्यावी लागते. तीन वर्षांनी वाटा आपोआप परत आला असेल तेव्हाही हे करावेच लागते. त्यानंतर नोंदीची ताजी प्रत काढून तिच्यावर ट्रस्टीचे नाव उरलेले नाही याची खात्री करून घ्यावी.